कव्हर घातलेली कादंबरी

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. बाईंच्या हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली जाडजूड कादंबरी होती.

"अगं, जरा हळू बोल."

"अहो, गोष्टच तर सांगतेय. त्या देशात जेवताना कोण काय बोललं, याचीसुद्धा सरकारदरबारी नोंद असते."

"कधी लिहिलीय?"

"सत्तर वर्षं झाली."

"मग झालं तर! आपल्याकडे असलं काही होत नाही."

"मग तुम्ही हिला कव्हर का घातलंत?"

"मळू नये म्हणून."

"माझं स्वयंपाकाचं पुस्तक तेलाने माखलंय, त्याला नाही घातलंत ते!"

"त्याचं नाव वाचून कोणी भुवया उंचावत नाही. माझं प्रमोशन तोंडावर आलंय आणि साहेब याच बसने येतात."

"अगदी गोष्टीतल्या नवऱ्यासारखं बोललात."

"त्याचं काय होतं पुढे?"

"प्रमोशन मिळतं."

"बघ! उगाच घाबरवतेस."

"बायकोवर नजर ठेवायच्या कामावर."

नवऱ्याने मागे वळून रांगेवरून नजर फिरवली.

"आणि तो करतो ते काम?"

"अजून शंभर पानं राहिलीत."