मुखवट्यातलं तांबं

मी, वैदेही हिमांशू सातोनकर, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी (पदार्थविज्ञानाची प्राध्यापक), रा. सिडको एन-सहा, छत्रपती संभाजीनगर. आज दि. १२ जानेवारी २०२६ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

पिशोरजवळच्या एका वस्तीवर देवीचे ठाणे आहे. तेथील चांदीचा मुखवटा ट्रस्टचे अध्यक्ष आप्पासाहेब यांच्या आजोबांनी नवस फेडताना वाहिला, असे गाव सांगते. तो घासण्याचे काम एकतीस वर्षांपासून सरूबाई, वय ६४, करतात. गेल्या नवरात्रात देवीच्या नाकावर तांबूस झाक दिसली. सरूबाईंनी मुखवटा बदलून चांदी विकली, अशी फिर्याद आप्पासाहेबांनी दिली.

सराफ कसोटीवर घासून पाहणार होते. देवीच्या तोंडावर ओरखडा चालणार नाही, असा ठराव ट्रस्टने केला. सरूबाईंच्या तोंडाबाबत असा ठराव झाल्याचे मला माहीत नाही.

म्हणून पोलिसांच्या पत्रावरून मी मुखवटा मुंबईच्या अणुभट्टीवर नेला. तेथे वस्तूवर न्यूट्रॉनचा झोत सोडतात. प्रत्येक मूलद्रव्य तो झोत गिळून आपापल्या ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण बाहेर टाकते. ते मोजले की आत काय आहे व किती आहे ते कळते. ओरखडा लागत नाही, आणि झोत आरपार जात असल्याने वरचा मुलामा त्याला फसवू शकत नाही.

तुलनेसाठी आप्पासाहेबांनी देवीमागची प्रभावळ स्वतः आणून दिली. तीही आजोबांनीच वाहिलेली, पाठीवर त्यांचे नाव कोरलेले. ती आप्पासाहेबांच्या घरच्या कपाटात कुलपात असते. ते म्हणाले, "मॅडम, ही बघा अस्सल चांदी. हिच्याशी ताडून बघा, म्हंजी बाईची चोरी उघडी पडंल."

मी ताडून पाहिले. दोन्ही वस्तूंत तांबे शंभरात चौऱ्याण्णव भाग, चांदी जेमतेम तीन, म्हणजे वरच्या मुलाम्यापुरती. आर्सेनिक व अँटिमनीचे अंशही दोन्हींत सारखेच. माझ्या मते दोन्ही वस्तू एकाच ओतकामातल्या आहेत. मुखवटा बदललेला नाही. मुलामा झिजला आहे.

तपासणीनंतर वस्तूत थोडा किरणोत्सर्ग राहतो. तो ओसरेपर्यंत दोन्ही वस्तू सहा आठवडे तेथेच ठेवल्या. या काळात आप्पासाहेबांनी मला चार फोन केले व देवीची तब्येत विचारली. सरूबाईंची कोणी विचारली नाही.

अहवाल तयार झाल्यावर मी सरूबाईंना भेटले. मुखवटा कशाने घासता, असे विचारले. त्या म्हणाल्या, "चिंचंनं."

"चांदी चिंचेने?"

"चांदीला राखुंडी लागती, बाई. चिंच तांब्याला. मला पयल्याच सालात कळलं व्हतं."

"मग चोरीचा आळ आला तेव्हा तरी बोलायचे."

"त्यायच्या आज्यानं नवस फेडला. देवीनं घेतला, माघारी धाडला नाय. ती गप बसली तर म्या कोन बोलनार?"

आज सकाळी ठाण्याच्या आवारात आप्पासाहेब मला म्हणाले, "मॅडम, तेवढं तांबं काढा. नुसतं मिश्रधातू लिव्हा. आमच्या घराण्याचं नाव हाय." मी सांगितले, तसे लिहिले तर चांदी सरूबाईंनीच खाल्ली असे गाव म्हणेल. ते म्हणाले, "गाव काय, चार दिस म्हनतंय." अहवालात मी तांबे ठेवले आहे. आकडा कमी-जास्त केलेला नाही.

सरूबाई सकाळी नऊपासून बाहेरच्या बाकावर बसून आहेत. त्यांनी काही खाल्लेले नाही. त्यांना आता घरी जाऊ द्यावे. जबाबात असे लिहीत नसतात, असे लेखनिक हवालदारांनी मला सांगितले. लिहिल्याशिवाय सही करणार नाही, असे मी त्यांना सांगितले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे, शेवटच्या परिच्छेदासह. म्हणून सही करते.