इकबालनं सांगितलेला अर्थ

मूळचा मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा, बाप होडीवर होता, आमी तिघं भाऊ, त्यातला मी मधला, बारावीला नापास झालो आणि मामानं कुवेतला आणलं, तेवापास्नं इथं राईलाच हाय, राई म्हणजे कुवेतातला गॅरेजांचा भाग, तिथल्या एका गॅरेजात. आमच्याकडं जपानातनं गाड्या येतात, पन आख्ख्या नाय, मधनं कापलेल्या, पुढला अर्धा भाग, इंजिन, डॅशबोर्ड सगळं जसंच्या तसं, आमी ते सोडवायचं आणि सुटं सुटं विकायचं. काय सांगू तुमाला, माणसं त्यात काय काय विसरतात, चष्मे, पावत्या, एकदा तर लहान पोराचा एक मोजा मिळाला, एकच. तशीच एक सीडी मिळाली मला, वर काळ्या पेनानं कायतरी लिहिलेलं.

आई वारली त्याच महिन्यात. मालकानं रजा दिली नाय, जनाजा मी व्हिडिओ कॉलवर बघितला, भावानं फोन धरलेला, माणसांच्या गर्दीत धड दिसलंसुद्धा नाय. दुसऱ्या दिवशी कामाला गेलो, सीडी लावली, तर कुणी बापयमाणूस गातोय, आवाज बसलेला, आताच रडून तोंड धुऊन आल्यासारखा. शब्द एक कळत नव्हता, पन मी स्पॅनर खाली ठेवला आणि रडलो, आई गेल्यावर पहिल्यांदा. मग रोज दुपारच्या सुट्टीत तेच गाणं, तिसऱ्या नंबरचं.

इकबाल तेवा माज्याच खोलीत होता. शेजारच्या गावचा, त्याला मीच या गॅरेजात आणला, मालकाला जबान दिली, पाना कसा धरायचा इथपासनं शिकवला. तो म्हणाला, भाऊ, मी आधी जपानी इंजिनियर लोकांच्या साइटवर होतो, मला कळतं थोडं. काय म्हणतो रे हा? म्हणतो, थांब. म्हणतो, मरदानं घाई करू नये, बसल्या जागी बसावं, दिवस फिरतात. मी म्हटलं वा, काय माणूस हाय, तिकडं जपानात बसून माजं मन कसं वळखलं.

मग पलीकडच्या गॅरेजवाल्यानं मला फोरमन म्हणून विचारलं. नीट ऐका, फोरमन म्हणजे पगार एवढा की फॅमिली व्हिसा मिळतो, घरवाली आणि रुखसार, माजी पोरगी, दोघी इथं आल्या असत्या. इथल्या मालकाकडनं रिलीजचा, म्हणजे नोकरी बदलायच्या परवानगीचा, कागद तेवढा घ्यायचा होता. पन माजं मन डळमळलं, आईचं दुख ताजं, मालक चिडला तर काय. इकबालला विचारलं. त्यानं सीडी लावली, आणि ओळीओळीला सांगत गेला, ऐक भाऊ, थांब म्हणतोय, आता हलू नको म्हणतोय. मी नाय हललो. दोन आठवड्यांनी इकबाल हलला, त्याच गॅरेजात, फोरमन. मला सांगितलंसुद्धा नाय, तो बॅग घेऊन गेला तेवा खोलीवर दुसरा एक होता, त्यानं मला सांगितलं.

तरी मी मनाला समजावलं, नशीब त्याचं. खोटं कशाला बोलू, रमजानात त्याच्याकडं इफ्तारलासुद्धा जाऊन आलो, इथनं जवळच, रिग्गईला, फ्लॅट हाय, बायकोपोरं हायत.

एवढ्या वर्षांनी, यंदा, रुखसारला सहज सीडीचा फोटो पाठवला, गाणंसुद्धा पाठवलं. आता कॉलेजात हाय ती, मोबाइलवर सगळं काढते. म्हणाली, अब्बा, वर लिहिलंय कठीण दिवसांत पुरुषांनी ऐकायची गाणी. कुणीतरी स्वतःसाठी जमवली असणार. आणि तिसऱ्या गाण्यात एक माणूस नोकरी सोडून निघालाय, स्टेशनावर बसून डब्यातला भात खातोय, आणि म्हणतोय, बरं झालं सोडली. मी म्हटलं, थांब कुठं म्हणतोय? ती म्हणाली, कुठंच नाय अब्बा.

मी इकबालला फोन लावला. विचारलं, तुला जपानी येतं का रे? तो हसला. म्हणाला, भाऊ, तुला तेवा धीर हवा होता, मी दिला. शुक्रवारी जेवायला ये.

नाय गेलो. आता रुखसारच्या लग्नाचं बघतायत, ती इथं येऊन काय करणार. इकबालच्या पोरांचा दोष नाय, अल्ला त्यांना सुखी ठेवो. त्याच्यासाठी दुवा मागायला हात उचलले, नाय निघाली तोंडातनं. गाणं अजून लावतो. अर्थ ठाऊक हाय आता, पन तो माणूस गायला लागला की मला इकबालच ऐकू येतो, थांब भाऊ, थांब. आईला आठवून रडायला तेवढं एक होतं माज्याकडं, तेसुद्धा त्यानं ठेवलं नाय.