गोड्या पान्याचा अर्ज

माहेर माहं अमरावतीच्या अंगचं, आमी माळी, बाप फुलं इकायचा. पुड्या बांधाले जुने छापील कागद आनायचा, त्याच्यावरचीच अक्षरं मले एक एक करून दाखवायचा, गिरवाले लावायचा, शाळा काई मी पाह्यली नाई. लग्न होऊन भातकुलीकडच्या या गावात आली, तर इथं सारं खारं पानी. काय सांगू तुमाले, त्या पान्यात तुरीची डाळ शिजत नाई, दिवसभर चूल फुका, दाना तसाच टनक. गोडं पानी एकाच इहिरीले, ती लोकल बोर्डानं सरकारी पैशानं खोदलेली, आन तिथं मांगवाड्यातल्या बायांनी दूर उभं राहावं, कोनी दया करून वरून ओतलं तर घागर भरायची, नाई तर जा आपल्या खाऱ्याकडं.

त्या वाड्यातली चंद्रभागा सुईन होती. माह्या थोरल्याले पह्यला हात तिचाच लागला. अडली होती मी, दोन दिवस ती माह्याजवळून हालली नाई, माहं रगत, माही घान, सारं तिनं धुतलं. बारा दिवस घरात चालली ती, तेराव्या दिवशी सासूनं घर सारवलं आन चंद्रभागा पुन्हा आंगनाच्या बाहीर. मले तवा त्यात काई वावगं वाटलं नाई, खोटं काहून बोलू.

मंग सरकारचा हुकूम निघाला, का बोर्डाची इहीर साऱ्यायची. पुडीच्या छापील कागदावर मी तो वाचला, चंद्रभागेले सांगतला. ती म्हने, बाई, हुकूम तिकडं निघते, आमच्या गावाले यीस्तोवर म्हातारा होते, तुमी आमाले अर्ज लेहून द्या. तिच्या सुनेले दिवस गेले होते, खाऱ्या पान्यानं पोटात काई ठरत नव्हतं. देला मी लेहून, मळ्यात बसून, कोनाले न सांगता. माही सही नाई, अंगठे त्यायचे. आन अंगठा घेतानी कागद तिच्या हातात नाई देला, खाली ठेवला न मांगं सरकली. हक्काचा अर्ज, तोबी वरूनच ओतला म्हना मी.

चौकशीले तहसिलातले साहेब आले, थेट इहिरीवर. पाटील म्हने, कोनी अडवत नाई हुजूर, याच येत नाईत, खाऱ्याची सवय आहे या बायायले. साहेबानं इचारलं, अर्ज कोनं लेहला? चंद्रभागेनं माह्याकडं पाह्यलंबी नाई, म्हने, अमरावतीच्या बजारात लेहून घेतला. मले वाचवलं तिनं. मंग साहेब आमच्याकडं वळले, पानी भरनाऱ्या आमी पाच-सहा जनी, बोट माह्यावरच आलं. बाई, यायले इथं अडवतात, तुमी पाह्यलं का? एका शब्दाचं काम होतं वो. सासू मांगं उभी होती. मी पदर पुढं ओढला न म्हनलं, मले काई मालूम नाई.

अर्ज खोटा, असा शेरा पडला. त्यायनं दुसरा अर्ज केला, तर उत्तर हेच, का पह्यला खोटा निघाला. माह्या तोंडची गोठ त्यायच्या कागदावर बसली.

आठ दिवसांनी मांगवाड्यात गेली मी, जल्मात पह्यल्यांदा. चंद्रभागा सुनेचे पाय चेपून राहिली होती. म्हनलं, चुकलं वो माहं. ती म्हने, जाऊ द्या बाई, तुमचं घर तर राह्यलं नं. ऊन लई आहे, पानी देऊ का? खारं आहे पन. जीभ टाळूले चिकटली होती माही, तरी म्हनलं, पिऊनच आली. हासली ती. म्हने, तहान लागली का नाई, हेबी तुमाले मालूम नाई होय!

आता चंद्रभागा नाई. इहीर खुली झाली ते तिच्या मांगं, लई वरसांनी, दुसऱ्यायच्या खटपटीनं. तिची नात रोज तिथं पानी शेंदते, मले पाहून म्हनते, आजी, पह्यला अर्ज तुमी लेहला होता, माही बुढी सांगे. तेवढंच सांगतलं तिनं नातीले, पुढचं नाई. मलेबी अजून सांगनं झालं नाई. लेकरू सुखी राहो, तिची घागर कदी रिकामी न राहो. तुमी हे लेहून घेतलं नं, तर तिले वाचून दाखवा. मी घरी नसतानी दाखवा.