शेंदराआडचं चिनी भांडं

हरिचंद : नखाएवढाच शेंदूर खरवडतो, भिकाबाई. खालची झिलई दिसली की पारख झाली.

भिकाबाई : हात मागं घ्या, शेठ. देवाचं अंग हाय ते.

वसराम : याडी, शेठ हैद्राबादच्या नवाबाचे पारखी हायेत. वसमतहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून आले आपल्या तांड्यावर.

भिकाबाई : मंग हाडं शेकायला तुझ्या आईच्या चुलीपाशी बसा म्हनावं.

हरिचंद : नवाबसाहेबांना जुन्या चिनी फुलदाण्यांचा फार नाद, बाई. काचेच्या कपाटात, मखमलीवर ठेवतील.

भिकाबाई : आमी लिंबाखाली ठिवली. रोज सांजचं भजन ऐकून राहिली ती. तुमच्या कपाटात कोन गातं?

वसराम : ऐक तर खरं. हिच्या बदल्यात लिंबाखाली पक्कं देऊळ व्हईल. पाऊसकाळात भजन बंद पडतं, ते पडनार न्हाई.

भिकाबाई : देव इकून देऊळ! अन् आत कोनाला बसवशील? शेठला?

हरिचंद : मी नाही बसणार, बुवा. पण संगमरवरी मूर्ती धाडीन, वचन देतो.

भिकाबाई : हा शेंदूर माझ्या सासूच्या हयातीत एकदा आपसूक गळून पडला व्हता. देवानं खोळ टाकली. पुन्हा टाकील, तवा या.

हरिचंद : तेव्हा खाली काय दिसलं?

भिकाबाई : निळं आभाळ. त्यात पाय असलेला नाग. एकेका पंजाला पाच नखं.

हरिचंद : पाच! चीनच्या बादशहाच्या भांड्यावर काढतात तशी. वसराम, आता मी हे घेतल्याशिवाय हलत नाही.

वसराम : न्या की शेठ. मी शबूद दिलाय तुमाला.

हरिचंद : आत काही नाही ना? भरलं भांडं कुणाच्या घरून उचलायचं नाही, ही माझ्या वडिलांची शिस्त. या धंद्यात तेवढा एक धर्म पाळतो.

वसराम : रिकामंच हाय.

भिकाबाई : जन्मात कधी आत हात घातला का रे तू?

वसराम : देवाच्या पोटात कोन हात घालतं?

भिकाबाई : शेठ, तुमी घाला. हातपाय धुवा अन् घाला. खरवडू नका फकस्त.

हरिचंद : घालायचाच होता. तडा असला की आतून बोटाला लागतो… वा, लोण्यासारखं… अन् हे काय?

(भांड्याच्या पोटात घंटा वाजते, तिच्यामागून भांड्याचाच लांब, निखळ नाद घुमत राहतो.)

वसराम : याडी!

भिकाबाई : तुझ्या पणज्याच्या म्होरक्या बैलाची घंटा. मिठाच्या गोण्या लादून अख्खा तांडा तिच्या आवाजामागं चालायचा. आगगाडी आली, बैल बसले. म्हाताऱ्यानं घंटा ह्यात ठिवली, वरून शेंदूर लावला. देव ती हाय. हे भांडं तिचं देऊळ.

वसराम : अन् मी देऊळ बांधाया निघालो व्हतो…

भिकाबाई : भजनाला आडोसा बांध की, कुडाचा. म्या मातीच्या पाट्या वाहते. पर हे इथून हालनार न्हाई.

हरिचंद : कुठं तडा नाही. एवढी भांडी वाजवली, असा आवाज नाही ऐकला.

वसराम : शेठ, शबूद दिलाय मी. घंटा काढून देऊ का?

हरिचंद : नको. आधी मला हात अलगद काढू दे.

भिकाबाई : नवाबाला काय सांगाल?

हरिचंद : सांगेन, भांडं अस्सल होतं. पण रिकामं नव्हतं.