होल्टेज कमी आहे काय?

…नाही, तुमीच सांगा मले, लाइट लावाचा तो उजेड पडाले का अंधार पडाले? एवढंच इचारलं मी माह्या बायकोले, शकुनले, तं म्हणे, "तुमाले नाही समजत. थो शोचा लाइट आहे." शोचा! म्हणजे आपण त्याच्याकडे पाहाचं, त्यानं आपल्याले काही दाखवाचं नाही!

तुमाले सांगतो, हे सारं अकोल्याहून सुरू झालं. तिची लहान बहीण चंदा तथी राहते. तिच्या हॉलमधे भिताडावर दोन लाइट, अन् एकडाव हासत हासत म्हणे, "ताई, तुह्या घरी अजून ट्यूबलाइटच काय वं?" झालं! आता थे चंदा मोर्शीले येणार होती, संत्र्याच्या सीझनात, अन् तिच्या तोंडून आपल्या घराचं एक तरी चांगलं निघालं पाह्यजे, बस, शकुनच्या मनात एवढंच. गेलो मंग अमरावतीले. दुकानदार म्हणे, "काकाजी, कूल पाह्यजे का वॉर्म?" म्हटलं, बापा, कूलर नाही, लाइट पाह्यजे! त्यानं लावून दाखवला. पिवळा. वरतं उजेडाचा पट्टा, खालतं उजेडाचा पट्टा, मधात अंधार. म्हटलं, आमी बसाचं कुठी? म्हणे, "मूड बनते, काकाजी." माह्या मूडचं कोणी इचारलंच नाही, शकुननं तवरिक पसंत बी करून टाकला.

मंग कुलदीप वायरमन आला. घुर्रर्र… एक लाइट लागला. दुसऱ्याच्या वक्ती ड्रिल आरपार सैपाकघरात! तिकडं फळीवरचा तिखटाचा डबा खाली, इकडं कुलदीप शिंकून राहिला, माहे बाबा शिंकून राहिले, मी शिंकून राहिलो, अन् शकुन म्हणते, "थोडासा उजवीकडं पाह्यजे होता."

संध्याकाळी बटन दाबलं. बाबा भिताडाकडे पाहून राहिले, पाहून राहिले… अन् म्हणे, "काहून रे देवराव, होल्टेज कमी आहे काय?"

अन् उठले, माळ्यावरून जुना स्टॅबिलायझर काढाले! त्याइले कसंबसं बसवलं, तं शेजारचा मोतीराम दारात. "देवरावभाऊ, होल्टेज कमी आहे काय?" मी 'नाही' म्हणेपर्यंत गडी पयत घरी गेला अन् सोताचा फ्रीज बंद करून आला. भाजीवाली मैनाबाई आली, तिनं तं इचारलं बी नाही, सरळ म्हणे, "होल्टेज कमी आहे वं माय, सांभाराची जुडी सकाळी उजेडात निवडजो."

शकुन त्या दिवशी धड जेवली नाही. मले खरंच वाईट वाटलं, बरं का. या बाईनं सोतासाठी कधी काही मागतलं नाही, अन् मागतला तो लाइट, तं साऱ्या गल्लीले तिची कीव येऊन राहिली! मी बाबाले हात जोडले. म्हटलं, चंदा असेपर्यंत होल्टेजचं नाव काढाचं नाही.

आली चंदा, संध्याकाळीच. दारातच थांबली. भिताडाकडे पाह्यलं, मंग बहिणीकडे पाह्यलं. शकुननं पाण्याचा गिलास पुढं केला. बाबाचं तोंड उघडलं, "होल्ट…" अन् मी त्याच्यात लाडू कोंबला! म्हणजे कोंबाले गेलो, मधातल्या अंधारात थो नाकाले लागला.

चंदा म्हणे, "ताई… तोंडाले काय लावून राहिली वं तू? किती जवान दिसते!"

घ्या! मंग मोबाइल काढला, दोघी बहिणी भिताडाले चिकटून फोटो, हा फोटो, थो फोटो, अन् चंदा म्हणे, "माह्याकडचे लाइट पांढरे आहेत वं, एक सुरकुती लपत नाही. काढूनच टाकतो आता थे." अहो, शकुन अशी हासली! मले बी लय बरं वाटलं. त्या उजेडात मी बी काही वाईट दिसत नव्हतो, फोटो आहे माह्यापाशी, दाखवतो मंग.

आता ट्यूबलाइट कायमचा बंद. आमी मजेत आहो. ताटात वांगं आहे का आलू, थे चावल्यावर कळते, पण मजेत आहो. पेपर तेवढा मी सकाळी ओट्यावर बसून वाचतो. काल शकुन चहा घेऊन बाहेर आली, चांगल्या उन्हात माह्या तोंडाकडे निरखून पाह्यलं अन् म्हणे, "अवो… तुमी दिवसभर वावरातच राहत जा. संध्याकाळी घरी आले का लय चांगले दिसता."

चाललो मंग वावरात. अजून लय ऊन आहे.