चोवीस टक्के आणि दोनचा पेपर

सन्माननीय अध्यक्ष पंजाबराव, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे भागवतराव, आजचे सत्कारमूर्ती आणि योगायोगाने माझे यजमान मुख्याध्यापक संघपाल सर, शिक्षकवृंद, आणि कूलरसमोरच्या खुर्च्या काही केल्या न सोडणाऱ्या माझ्या मेडशीकर बंधू-भगिनींनो, सर्वांना जय भीम, नमस्कार!

सपत्नीक सत्काराची आपली रीत मोठी गोड आहे. नवऱ्याने चौतीस वर्षं नोकरी करायची आणि बायकोने साडी घेऊन शेजारी गप्प बसायचं. मी, रत्नमाला, आज माईक मागितला तेव्हा आयोजकांचे चेहरे पडले. घाबरू नका, मी सरांचं कौतुकच करणार आहे.

दोन वर्षांपूर्वी सरांनी विजेवरची गाडी घेतली. शोरूममधला पोरगा म्हणाला, "ही गाडी वीज घेतेही आणि देतेही. लाईन गेली तर गाडीला वायर लावा, घरातलं सगळं चालतं." त्याने हे आमच्या सरांसमोर बोलायला नको होतं. दुसऱ्याच दिवशी पुंजाजी वायर घेऊन दारात. "सर, नातवाचं बारसं हाय, दोन पंखेच त लावाचे हायेत." मग खेमाभाऊंची कडबाकुट्टी. मग कुणाचं काय. सर म्हणतात, "लोकाईले नाही म्हननं मले जमत नाही, रत्ना." खरंच आहे. नाही म्हणायची सगळी हौस ते घरात भागवून घेतात. मी मिक्सर लावला की म्हणतात, "लाईन येऊ दे ना, बॅटरी काहून उतरवतं?" केवढी ही दूरदृष्टी!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बेबीताईंचं शेवयांचं मशीन लाईन नसल्यामुळे बंद पडलं. सरांनी गाडी नेऊन उभी केली. चार दिवस गावभराच्या शेवया झाल्या. तुम्ही सगळ्यांनी त्या खाल्ल्या, पंजाबराव, तुम्हीसुद्धा. पाचव्या दिवशी वाशिमला माझा बी.ए.चा शेवटचा पेपर होता आणि गाडीत तीन टक्के होते. मी एसटीने गेले. पाऊण तास उशीर झाला. पर्यवेक्षकबाई फार सभ्य होत्या, म्हणाल्या, "आजी, पुढच्या वर्षी या." स्टँडवर बसून मी रडले. खोटं कशाला बोलू? सरांच्या शाळेच्या उत्तरपत्रिकांच्या गुणांच्या बेरजा पंचवीस वर्षं मी केल्या. एक उत्तरपत्रिका माझ्या नावाची असावी, एवढंच माझं मागणं होतं.

तेव्हापासून मी काय केलं? गाडी चालवायला शिकले. सर शेजारी बसून ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबत राहिले, पण शिकले.

आता थोडं आजचं सांगते. सकाळी नऊपासून लाईन नाही, हे तुम्हाला कळलंच नसेल. कळणार कसं? हे दोन्ही कूलर, हे पंखे, हा माईक, सगळं मंडपामागे उभ्या असलेल्या आमच्या गाडीवर चाललं आहे. सकाळी एकेचाळीस टक्के होते, बोलायला उठण्याआधी पाहून आले, चोवीस राहिले. वाशिमला पोचायला वीस लागतात. तोच पेपर आज दोन वाजता आहे. बाराची एसटी तुमच्या सपत्नीक सत्कारापायी गेली. सरांना सकाळी विचारलं, तर म्हणाले, "पुरते, पुरते." सरांच्या सेवानिवृत्त आयुष्याला माझ्या मनापासून शुभेच्छा. ते चांगले शिक्षक आहेत, हे मी मनापासून म्हणते आहे.

अजून अध्यक्षीय भाषण व्हायचं आहे. पंजाबराव, तुमचा आवाज भर बाजारातही घुमतो, तुम्हाला माईकची काय गरज? आणि कूलरवाल्यांनो, आता तरी खुर्च्या सोडा.

आयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, सगळ्यांची मी आभारी आहे. बोलताना कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. वायर मी स्वतःच काढते. सर, सोबत यायचं असेल तर या, पण मागे बसावं लागेल. पुढच्या सीटवर माझी पुस्तकं आहेत.