चुकीच्या तारखेची जत्रा

(मसुरे. जानकीच्या घराची पडवी. भिंतीला लावून ठेवलेले, जत्रेत विकायच्या खाज्याचे भरलेले डबे.)

जानकी : आणि मी तुजा आयकान खाजा तळलंय! सात डबे भरून ठेवलंय. आता जत्रा खंय, तर तुज्या तारखेच्या तीन आठवडे फुडे. तवसर ह्या मऊ पडतला. मऊ खाजा कोण घेतलो? तुजे कॉलेजातले सर?

यतीन : काकी, अंदाज होता तो. अंदाज शंभर टक्के बरोबर नसतो. मॉडेलमध्ये थोडीफार तफावत गृहीत धरलेली...

जानकी : माज्याशी शुद्ध बोलू नको. मी कलेक्टर कचेरीत उभी नाय. काकीच्या पडवेर बसलंस, तर मालवणी बोल.

आबा : काय झाला गो जानक्या? गडग्यापलीकडे आवाज येता तुजो.

जानकी : येवा आबानू, बसा. शेजारी म्हणान तुमकाच सांगतंय. काल देवळात कौल लावताना तुमी होतास मा?

आबा : होतंय तर. देवीन तारीख दिल्यान, गावान ऐकल्यान. त्येच्यात आरडण्यासारख्या काय आसा?

जानकी : हो बगा माज्या दिराचो झील. कणकवलेक एम्बीए शिकता. देवीन कौल देवच्या आदीच ह्येना जत्रेची तारीख इंटरनेटार घातल्यान.

आबा : देवीच्या आदी? मेल्या, ता पंचांगवाल्यांकय कदी जमला नाय.

यतीन : पंचांगही घेतलं होतं, आबा. मागच्या सगळ्या जत्रांच्या तारखा वर्तमानपत्रांच्या साइटवरून घेतल्या. कोकण रेल्वेचं बुकिंग घेतलं, मुंबईतल्या शाळांच्या सुट्ट्या घेतल्या, नकाशावर स्टॉलच्या जागा टाकल्या. चार ठिकाणची माहिती ओढून एका पानावर जोडायची, याला मॅशअप म्हणतात. छोट्या दुकानदाराने माल कधी भरायचा, कुठे बसायचं, त्याची स्ट्रॅटेजी त्यातून आपोआप निघते.

जानकी : निघाली मा आपोआप. सात डबे.

आबा : चार घरची आमटी एका टोपात ओतलंस, आणि सांगतंस जेवणावळ घातलंय. बरा, रेल्वेक कित्याक विचारलंस? देवी काय तिकीट काडून येता?

यतीन : हसा तुम्ही. जगभर मोठमोठ्या कंपन्या हेच करतायत. इथे मात्र डोळे मिटून बसायचं. आधी गावाची शिकार, ती पारध होईल, मग देवीचा कौल लागेल, मग तारीख कळेल. लाखो माणसांनी ताटकळत बसायचं, सगळ्यांचा धंदा एका...

जानकी : एका काय? बोल फुडचा.

यतीन : काही नाही.

जानकी : नाय, बोल मा. जीभ झडात म्हणान गप ऱ्हवलंस ना? इतको भितंस, तर कंप्युटरार तारीख घालताना भिया वाटला नाय तुका? काल भर बाजारात भिकाजी माका विचारता, "गो जानक्या, पुतण्याची जत्रा कदी?" सगळे दात काडीत होते. ता पान आजच्या आज पुसून टाक.

यतीन : पुसणार नाही, दुरुस्त करणार. संध्याकाळी नेट कॅफेत जाऊन खरी तारीख टाकतो. सोमवारी सरांसमोर प्रेझेंटेशन आहे. आधी तिथे काय होतं, त्यांना काय माहीत?

आबा : म्हणजे देवीन तारीख दिल्यार तू थंय उभो ऱ्हवान सांगतलंस, बगा, माज्या मशिनीन वळाखली. वरातीमागसून घोडा!

जानकी : आमी वजनात मारलाव तर लबाडी. ह्येंनी केल्यानी तर स्ट्रॅटेजी. ह्याच शिकाक भावजी ह्येची फी भरतत.

यतीन : तुम्हाला काय कळणार म्हणा. ज्याला कळतं त्याला कळतं. सुदेशदादाने मस्कतहून मेल केलाय मला. तुझं पान बघितलं आणि लगेच रजा टाकली, म्हणाला.

जानकी : कोणी रजा टाकल्यान?

यतीन : सुदेशदादाने. विमानाचं तिकीटही काढलंय.

जानकी : माज्या सुदेशान? परवा फोनार माका काय बोललो नाय तो.

यतीन : तुला न सांगता दारात उभं राहायचं होतं त्याला. मी बोलणार नव्हतो, तुमच्यामुळे तोंडातून गेलं. चार दिवसांची रजा आहे. गोव्यात उतरणार, जत्रा करणार आणि परत.

आबा : तुज्या तारखेक? अरे, तेव्हा हयसर काय आसतला? माळार एका दुकानाचा पाल नाय, माणूस नाय. चार दिवसांत तो काय माश्यो मारतलो?

यतीन : म्हणून तर म्हणतोय, आज पान दुरुस्त करतो आणि त्यालाही कळवतो. रजा पुढे ढकलता येते, तिकीटही बदलून मिळतं. खऱ्या जत्रेला येईल तो.

आबा : ह्या एक शाणपणाचा बोललंस.

जानकी : मागच्या खेपेकय जत्रेकच इलो होतो.

आबा : होय तर. दर्शनाच्या रांगेत माज्या फुडेच होतो.

जानकी : तुमका गावलो तरी. मी दुकानार. घरात चाकरमानी भरलेले, पडवेर पाय ठेवूक जागा नाय. माझो झील रात्री तुमच्याकडे येवन निजलो, आबानू. जावच्या दिवशी दुकानार इलो, गिऱ्हाइकांच्या मागे उभो ऱ्हवलो. म्हणता, "आये, अर्दो किलो बांद, गाडी भायर उभी आसा." मी बांदलंय, तेच्या हातात दिलंय. वर तोंड करून बगतंय तवसर थंय दुसरीच बाई हात फुडे करून उभी.

यतीन : मग यावेळी सांगू त्याला, एक दिवस जास्त काढ म्हणून.

जानकी : काय एक सांगा नको. ता पान आसा तसाच ठेव.

यतीन : म्हणजे?

जानकी : आता मी शुद्ध बोलू काय? पान बदलू नको. सुदेशाक कळवू नको. येवंदे तेका तुज्या तारखेक.

यतीन : अगं, आत्ता तूच पुसून टाक म्हणत होतीस! सोमवारी सर ते पान उघडतील. खरी तारीख तोवर पेपरात आली असेल. सगळ्यांसमोर सोलून काढतील मला. प्रोजेक्ट गेलं तर वर्ष गेलं माझं.

जानकी : जावंदे. खोटा बोलान पास होवचा होता, तर खरा बोलान नापास हो. इतक्या शिकलंस, एकदा ता पण शीक.

आबा : जानक्या, तो देवीसाठी येता गो. तेका फसवतंस ता फसवतंस, देवीकय?

जानकी : देवीक मी सांगतंय काय ता. तीय आवसच आसा. वर्सान वर्सा सगळ्यांचे झील तिका भेटाक येतत. माझो एकदा माका भेटांदे.

आबा : मगे तुमी दोगी आवशी काय ता बगा.

यतीन : त्याला दुसरीकडून कळलं तर?

जानकी : मस्कताक तो कामाक आसा त्या हॉटेलात सगळे केरळचे. गावातलो एकय नाय. आणि कळला तर माझा नशीब. तुज्या तोंडान कळूक नको, इतक्याच मागतंय.

यतीन : आणि इल्यार विचारल्यान, जत्रा खंय आसा, तर?

जानकी : सांगान, यतीन एम्बीए झालो.

आबा : शाबास गो बाय!

यतीन : बरा. ऱ्हवता पान तसाच. सरांका सांगतंय, माझो अंदाज चुकलो.

जानकी : आता कसो माणसात इलंस. उठ, ते डबे आत नेवन ठेव.

यतीन : मऊ पडतला म्हणालंस मा?

जानकी : जत्रेक मऊ पडतला. तुज्या तारखेक कुरकुरीत आसतला. तेका आवडता.

यतीन : मगे मीय येतंय त्या दिवशी. दादाक भेटाक.

जानकी : फिरकू नको हयसर. दोगांपुरताच जेवाण करतलंय.